पूरविम्याचा प्रीमियम का वाढला हे ग्राहकाला कसं सांगायचं: अमेरिकेतल्या मराठी विमा एजंटांसाठी

"घराला कधी पाणी लागलं नाही, झोन तोच, घर तेच. मग प्रीमियम कसा वाढला?" अमेरिकेत पूरविमा विकणाऱ्या एजंटला रिन्युअलच्या दिवसांत हा प्रश्न हमखास येतो. "फेमानं रेट वाढवले" (फेमा म्हणजे सरकारी पूरविमा चालवणारी संस्था) हे उत्तर खोटं नाही, पण ग्राहकाला ती टोलवाटोलवी वाटते, आणि त्याचं फारसं चुकत नाही. दर ठरवण्याच्या नव्या पद्धतीत वाढीचं कारण त्याच्या स्वतःच्या घरात दडलेलं असतं, आणि ते दाखवता येतं.

माझ्या मते एजंटनं ग्राहकासमोर दोनच आकडे ठेवावेत. एक, तो आज भरतो तो प्रीमियम. दुसरा, त्याच्या घराच्या जोखमीप्रमाणे ठरलेला पूर्ण प्रीमियम. बाकी सगळे नियम या दोन आकड्यांमधली वाट कशी चालायची आणि ती कुठे तुटते, याबद्दलचे आहेत.

आधी मागचं थोडं

राष्ट्रीय पूरविमा कार्यक्रम, म्हणजे एनएफआयपी, १९६८ च्या कायद्यानं सुरू झाला. १९७३ च्या कायद्यानं धोक्याच्या भागातल्या कर्जाऊ घरांना पूरविमा सक्तीचा झाला. तेव्हापासून २०२१ पर्यंत दर ठरवण्याची पद्धत साधारण एकच होती: पूरनकाशावर घर कोणत्या झोनमध्ये आहे ते बघा, धोक्याच्या झोनमध्ये असेल तर पूरपातळीच्या किती वर किंवा खाली आहे ते बघा, तक्त्यातून दर काढा. एका झोनमधलं नदीकाठचं घर आणि तिथून बरंच लांबचं घर पुष्कळदा सारखाच दर भरायचं. लहान, स्वस्त घरवाले मोठ्या घरवाल्यांचा भार उचलायचे, कारण घर पुन्हा बांधायला किती खर्च येईल हे त्या हिशेबात नीट धरलंच जात नव्हतं.

२०१२ च्या बिगर्ट-वॉटर्स कायद्यानं सवलती झपाट्यानं काढायचं ठरवलं. लोक ओरडले, आणि २०१४ च्या कायद्यानं, ज्याला आपण हिफा म्हणतो, वाढीला लगाम घातला. पुढे 'रिस्क रेटिंग २.०', म्हणजे दर ठरवण्याची नवी पद्धत, आलं. नव्या पॉलिसींना ते १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालं, रिन्युअलना १ एप्रिल २०२२ पासून. २०२३ च्या वसंतापर्यंत सगळ्या पॉलिसी त्यात आल्या. एवढा इतिहास ग्राहकाला पुरे. तुम्हाला मात्र हिफा नीट माहीत हवा, कारण आजच्या बिलातल्या निम्म्या ओळी तिथून आल्यात.

पायरी १: पत्ता टाकल्यावर काय काय मोजलं जातं ते समजून घ्या

आता हिशेब घराचा होतो, झोनचा नाही. पाणी कुठून येऊ शकतं (नदी, समुद्राची भरती, मुसळधार पाऊस), पाण्यापासून अंतर किती, जमिनीची उंची किती, आजूबाजूच्या भूभागाच्या मानानं घर खोलगट जागी आहे का, हे सगळं फेमाची यंत्रणा पत्त्यावरून स्वतः काढते. त्यात एजंटला काही करायचं नसतं.

एजंटच्या हातात घराची माहिती असते, आणि चुका तिथेच होतात. पायाचा प्रकार, पहिल्या मजल्याची जमिनीपासूनची उंची, बांधकाम लाकडी चौकटीचं की विटा-दगडाचं, किती मजले, किती चौरस फूट, केव्हा बांधलं, पुन्हा बांधायला किती खर्च येईल. यात सर्वात नाजूक गोष्ट पायाची. घर थेट स्लॅबवर आहे, खाली तळघर आहे, क्रॉलस्पेस (रांगत जाण्याइतकी बुटकी जागा) आहे, की खांबांवर उचललेलं आहे, आणि खांबांवर असेल तर खालची जागा भिंतींनी बंद केली आहे का, या प्रत्येक उत्तरानं प्रीमियम हलतो. ग्राहक फोनवर "बेसमेंट आहे" म्हणाला म्हणून तसं लिहून मोकळे होऊ नका. एनएफआयपीच्या व्याख्येत तळघर म्हणजे ज्याची जमीन चारही बाजूंनी बाहेरच्या जमिनीपेक्षा खाली आहे अशी जागा. उतारावरच्या घरात मागचं दार थेट अंगणात उघडत असेल आणि ती बाजू जमिनीच्या पातळीला असेल, तर ते या व्याख्येत बसत नाही. चारही बाजूंचे फोटो मागवा. दहा मिनिटांचं काम आहे, पण पुढची वर्षानुवर्षं त्या एका शब्दाचा भुर्दंड ग्राहक भरतो.

एलिव्हेशन सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हेयरनं मोजलेल्या घराच्या उंचीचा दाखला, आता सक्तीचं नाही. पण "आता लागत नाही" एवढंच सांगून सोडू नका. ते दिलं आणि त्यातली उंची यंत्रणेच्या अंदाजापेक्षा ग्राहकाच्या फायद्याची निघाली, तर तीच धरली जाते. फायद्याची नसेल तर त्यामुळे प्रीमियम वाढत नाही. जुन्या मालकानं काढलेलं सर्टिफिकेट नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात पडलेलं असण्याची बरीच शक्यता असते. सर्व्हेयरला पैसे मोजण्याआधी तिथे विचारा.

पायरी २: डेक्लरेशन पान (पॉलिसीचा हिशेब दाखवणारं पान) वरून खाली वाचा

ग्राहकाबरोबर बसून पान एकदा वाचलं की अर्धे वाद मिटतात. क्रम साधारण असा असतो: इमारतीचा प्रीमियम, सामानाचा प्रीमियम, नियमांप्रमाणे पुनर्बांधणीच्या खर्चाचं कव्हर (ज्याला आपण आयसीसी म्हणतो, त्यातून कमाल ३०,००० डॉलर मिळतात), मग घरातल्या सुधारणांची सूट, मग सीआरएस सूट, जी गावानं पूर रोखण्यासाठी केलेल्या कामावर मिळते. यातून निघतो तो पूर्ण जोखमीचा प्रीमियम. त्याखाली कायद्यानं मिळणारी सवलत आणि वार्षिक वाढीच्या मर्यादेमुळे झालेली वजावट. ती वजा केली की उरतो तो सवलतीचा प्रीमियम. त्यावर राखीव निधीचे १८ टक्के, हिफा सरचार्ज, आणि फेडरल पॉलिसी फी, जी बहुतेक घरांना ४७ डॉलर असते.

बहुतेक ग्राहक फक्त शेवटची बेरीज बघतात. तुम्ही बोट मधल्या ओळीवर ठेवा. "पूर्ण जोखमीचा प्रीमियम" ही ओळ म्हणजे या घराची खरी किंमत, आणि खालची वजावट म्हणजे सरकारनं सध्या सोसलेला भाग.

पायरी ३: वाढीची मर्यादा आकड्यांत दाखवा

मुख्य निवासाचा प्रीमियम वर्षाला जास्तीत जास्त १८ टक्क्यांनी वाढू शकतो. ज्या घरात राहत नाही असं जुनं घर, व्यवसायाची जुनी इमारत, किंवा पुन्हापुन्हा मोठं नुकसान झालेली मालमत्ता, यांच्यासाठी मर्यादा २५ टक्के आहे. जुनं म्हणजे त्या गावाचा पहिला पूरनकाशा येण्याआधी, किंवा १९७४ संपेपर्यंत, यातलं जे नंतरचं असेल त्याआधी बांधलेलं.

समजा ग्राहकाचा आजचा प्रीमियम ९०० डॉलर आहे आणि पूर्ण जोखमीचा २,४०० डॉलर. दरवर्षी १८ टक्के वाढ धरली तर आकडे असे जातात: १,०६२, १,२५३, १,४७९, १,७४५, २,०५९. सहाव्या रिन्युअलला हिशेबानं २,४३० येतात, पण तिथे पूर्ण प्रीमियमची भिंत लागते, म्हणून २,४००. त्यानंतर १८ टक्क्यांची वाढ थांबते, आणि पुढे फक्त पूर्ण प्रीमियम स्वतः बदलला तरच फरक पडतो. तो बदलूही शकतो: पुनर्बांधणीचा खर्च वाढतो, फेमा आपले अंदाज सुधारते. म्हणून "सहा वर्षांनी थांबेल" असं वचन देऊ नका. "आजच्या हिशेबाप्रमाणे इतकी वर्षं लागतील" असं म्हणा.

आता एक तपशील जो एजंटही विसरतात. फेडरल पॉलिसी फी आणि हिफा सरचार्ज १८ टक्क्यांच्या मर्यादेत येत नाहीत. वरच्या उदाहरणात पहिल्या रिन्युअलचे १,०६२ डॉलर, त्यावर राखीव निधीचे १८ टक्के म्हणजे १९१, सरचार्ज २५, फी ४७, एकूण १,३२५ डॉलर. ग्राहकाच्या हातात येणारं बिल हे. तुम्ही फोनवर १,०६२ सांगितलेत आणि पत्र १,३२५ चं आलं, तर पुढचा फोन जड जातो.

हे किती लोकांना लागू आहे? पहिल्या वर्षाच्या बदलाबद्दल फेमानं देशपातळीवर दिलेले अंदाज असे होते: २३ टक्के पॉलिसींचा प्रीमियम लगेच कमी, ६६ टक्क्यांना महिन्याला शून्य ते १० डॉलर वाढ, ७ टक्क्यांना १० ते २० डॉलर, आणि ४ टक्क्यांना २० डॉलरच्या वर. हे आकडे ऐकून ग्राहक निर्धास्त होतो, पण ते फक्त पहिल्या पायरीचे होते. संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानं, म्हणजे गाओनं, २०२३ मध्ये लिहिलं की डिसेंबर २०२२ मध्ये मध्यक प्रीमियम ६८९ डॉलर होता आणि पूर्ण जोखमीपर्यंत जायला तो १,२८८ डॉलर व्हावा लागेल. दोन्ही आकडे सांगा. पहिलाच सांगणं म्हणजे अर्धवट सल्ला.

पायरी ४: वाट कुठे तुटते ते आधीच सांगा

या लेखात एकच भाग लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा. वर्षाला १८ टक्क्यांनी चढणारी सवलतीची वाट फक्त अखंड पॉलिसीला मिळते.

मुदत संपल्यानंतर ३० दिवसांची सवड असते. त्या आत पैसे पोचले तर खंड पडत नाही. त्यानंतर गोष्टी बिघडत जातात, आणि नव्यानं पॉलिसी काढायची वेळ आली तर ग्राहक थेट पूर्ण जोखमीच्या प्रीमियमवर जातो. वरच्या उदाहरणातला माणूस ९०० वरून एका उडीत २,४०० वर. शिवाय नव्या पॉलिसीचं कव्हर सुरू व्हायला सहसा ३० दिवस थांबावं लागतं. प्रीमियम बँक एस्क्रोमधून (कर्जाच्या हप्त्याबरोबर बाजूला ठेवलेल्या रकमेतून) भरत असेल आणि ग्राहकानं मॉर्गेज रिफायनान्स केलं, तर बिल जुन्या बँकेकडे जातं, नवी बँक म्हणते आम्हाला आलंच नाही, आणि मधल्या मध्ये तीस दिवस उलटतात. रिफायनान्सची कुणकुण लागली की नव्या लेंडरचं नाव त्याच आठवड्यात पॉलिसीवर चढवा.

दुसरी जागा: खाजगी पूरविमा. जुलै २०१९ पासून बँकांना ठरावीक अटी पुऱ्या करणाऱ्या खाजगी पॉलिसी स्वीकाराव्या लागतात, आणि डिसेंबर २०२२ पासून एफएचए कर्जांनाही (सरकारी हमीच्या गृहकर्जांनाही) त्या चालतात. काही घरांना त्या खरोखर चांगल्या पडतात: मर्यादा मोठ्या, घर राहण्याजोगं नसताना हॉटेलचा खर्च, कमी थांबणं. एनएफआयपी त्या हॉटेलचा एक डॉलरही देत नाही. पण खाजगी कंपनी एका मोठ्या वादळानंतर रिन्यू करायला नकार देऊ शकते, आणि ग्राहक एनएफआयपीकडे परत आला तर त्याला जुनी सवलतीची वाट मिळत नाही. खाजगी कव्हर अखंड विमा म्हणून मोजलं जात नाही. तीनशे डॉलर वाचवायला बाहेर पडताना परतीचं दार बंद होतं हे ग्राहकाला लेखी सांगा आणि त्याची सही घ्या. माझा कल स्पष्ट आहे: ज्याचा आजचा प्रीमियम पूर्ण प्रीमियमच्या खूप खाली आहे, त्याला हलवताना दहा वेळा विचार करा. जो पूर्ण प्रीमियमच्या जवळ पोचलाय, त्याला सोडण्यासारखं फारसं उरलेलं नसतं.

तिसरी जागा घराची विक्री, आणि इथे तुटण्याऐवजी जोडता येतं. विकणाऱ्याची एनएफआयपी पॉलिसी खरेदीदाराच्या नावावर करता येते, आणि त्याबरोबर सवलतीची वाटही. खरेदीदारानं नवी पॉलिसी घेतली तर तो पूर्ण जोखमीवर सुरू करतो. म्हणून क्लोजिंगच्या (खरेदीचा व्यवहार पुरा होण्याच्या) आधी पहिला प्रश्न हा विचारा: "विकणाऱ्याची पॉलिसी आहे का, आणि किती प्रीमियम आहे?" आपल्या समाजातल्या रिअल इस्टेट एजंटांना एवढी एक गोष्ट पढवून ठेवलीत तरी बरेच लोक दुवा देतील. न्यू जर्सीत २० मार्च २०२४ पासून विकणाऱ्याला आणि भाड्यानं देणाऱ्याला पुराचा इतिहास आणि धोका लेखी सांगावा लागतो, त्यामुळे हा विषय निघतोच. तिथे तुम्ही तयार असा.

पायरी ५: झोन आता कशासाठी, ते समजवा

जुन्या ग्राहकांच्या डोक्यात "आम्ही एक्स झोनमध्ये (म्हणजे कमी धोक्याच्या), आम्हाला स्वस्त" हे पक्कं बसलंय. झोन आता प्रीमियमचा हिशेब ठरवत नाही. तो सक्ती ठरवतो. उच्च धोक्याच्या ए किंवा व्ही झोनमधलं घर, त्यावर सरकारी नियमनाखालच्या लेंडरचं कर्ज, मग विमा घ्यावाच लागतो. ग्राहकानं तो घेतला नाही तर लेंडर कळवतो, आणि ४५ दिवसांत कव्हर दाखवलं नाही तर स्वतः महाग पॉलिसी लावून पैसे वसूल करतो.

यातून नेहमीचा घोटाळा निघतो तो लोमाचा, म्हणजे नकाशातल्या दुरुस्तीच्या फेमाच्या पत्राचा. सर्व्हे करून नकाशात दुरुस्ती करून घेतली की पूर्वी घर स्वस्त पॉलिसीत जायचं. आता लोमानं सक्ती जाते, पण निव्वळ तेवढ्यानं दर खाली येत नाही. सर्व्हेयरला पैसे द्यायला निघालेल्या ग्राहकाला हे आधी सांगा.

आणि जो म्हणतो "सक्ती नाही तर कशाला?", त्याला आकडे द्या. २०१४ ते २०१८ मधल्या एनएफआयपी क्लेमपैकी ४० टक्क्यांहून जास्त क्लेम उच्च धोक्याच्या झोनच्या बाहेरचे होते. "शंभर वर्षांचा पूर" म्हणजे दरवर्षी १ टक्का शक्यता. तीस वर्षांच्या मॉर्गेजभर धरलं तर ती २६ टक्के होते, म्हणजे चारात एक. १ सप्टेंबर २०२१ ला आयडा वादळाचा पाऊस न्यू जर्सीत कसा कोसळला होता, हे तिथल्या ग्राहकाला वेगळं सांगावं लागत नाही.

पायरी ६: २५ की २५०?

हिफा सरचार्ज मुख्य निवासाला २५ डॉलर, बाकी सगळ्याला २५०. या सरचार्जसाठी मुख्य निवास म्हणजे विमाधारक किंवा त्याचा जोडीदार वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस जिथे राहतो ते घर. आपल्या लोकांच्या बाबतीत तीन ठिकाणी हे अडतं. भाड्यानं दिलेलं घर एलएलसीच्या (छोट्या कंपनीच्या) नावावर असतं, त्याला २५०. आईवडिलांसाठी घेतलेलं दुसरं घर, मालक मुलगा पण राहतो तिसरीकडे, त्यालाही २५०. आणि जे स्वतः त्या घरात सतत राहतात पण ज्यांनी पुरावाच कधी दिला नाही, ते उगाच २५० भरत बसतात. ड्रायव्हिंग लायसन्स किंवा मतदार नोंदणीसारखा कागद दिला की हे सुटतं. भारतात चार-पाच महिने काढणाऱ्या निवृत्त जोडप्याला या सरचार्जची काळजी नको, निम्म्याहून जास्त वर्ष ते इथेच असतात.

पायरी ७: प्रीमियम खरोखर कमी करायचा असेल तर

फर्नेस, वॉटर हीटर, एसीचं बाहेरचं युनिट नियमात सांगितलेल्या उंचीवर नेलं तर सूट मिळते. क्रॉलस्पेसच्या भिंतींना पाणी आत-बाहेर जाऊ देणारे झरोके बसवले तर मिळते. नियम असा की प्रत्येक चौरस फूट जागेमागे एक चौरस इंच मोकळी जागा, निदान दोन झरोके, आणि त्यांचा तळ जमिनीपासून एक फुटाच्या आत. घर उचललं तर सर्वात मोठा फरक पडतो, पण तो खर्च हजारो डॉलरचा आहे.

डिडक्टिबल (नुकसानातला ग्राहकानं स्वतः सोसायचा भाग) वाढवून प्रीमियम घटवता येतो, घरांना कमाल १०,००० डॉलरपर्यंत. मला हा उपाय फारसा आवडत नाही. तळघरात पाणी भरल्यावर दहा हजार रोख काढू शकणारे ग्राहक कमी असतात, आणि लेंडरही अडवू शकतो.

सीआरएस सूट ग्राहकाच्या हातात नाही, गावाच्या हातात आहे. गावानं पूर रोखण्यासाठी किती केलं त्यावर ५ ते ४५ टक्के. नव्या पद्धतीत ती झोन न बघता गावातल्या प्रत्येक पात्र पॉलिसीला सारखी मिळते. नगरपालिकेच्या बैठकीला जाणारे ग्राहक असतील तर त्यांना हा आकडा द्या.

क्लेमबद्दल विचारलं तर सांगा: नव्या पद्धतीत आल्यावर पहिला क्लेम झाला की मागच्या २० वर्षांतले क्लेमही हिशेबात येऊ शकतात. किरकोळ नुकसानासाठी क्लेम करण्याआधी हा विचार व्हावा.

पायरी ८: काय मिळत नाही, ते विकतानाच सांगा

घराला कमाल २,५०,००० डॉलर, सामानाला १,००,०००. त्यापलीकडचं घर असेल तर एक्सेस पॉलिसी (या मर्यादेवरच्या रकमेचा विमा) बघा. सामान नेहमी घसारा धरूनच भरून मिळतं. इमारतीची पूर्ण पुनर्बांधणी किंमत मिळायला ते एका कुटुंबाचं मुख्य निवास हवं, आणि विमा किमतीच्या ८० टक्के किंवा कमाल मर्यादेइतका हवा.

तळघरात फर्नेस, वॉटर हीटर, विजेचं पॅनेल अशा ठरावीक गोष्टी, आणि सामानाचं कव्हर असेल तर वॉशर, ड्रायर, फ्रीझर अशा मोजक्याच वस्तू भरून मिळतात. मुलांची खेळायची खोली, गालिचा, सोफा, होम थिएटर, देवघर हलवून खाली नेलं असेल तर तेही: काही नाही. फिनिश्ड बेसमेंटवर चाळीस हजार खर्च केलेल्या माणसाला हे क्लेमच्या दिवशी कळता कामा नये.

पायरी ९: कार्यक्रमाची मुदत आणि तुमची फाईल

एनएफआयपीला संसदेनं वेळोवेळी मुदतवाढ द्यावी लागते, आणि २०१७ पासून ती तुकड्यातुकड्यांनीच मिळत आली आहे. १ ऑक्टोबर २०२५ ला सरकार बंद पडलं तेव्हा मुदतही संपली, आणि १२ नोव्हेंबरपर्यंत नव्या पॉलिसी निघू शकल्या नाहीत. चालू पॉलिसींचं कव्हर आणि त्यांचे क्लेम चालू राहतात, हे घाबरलेल्या ग्राहकाला पहिल्यांदा सांगा. अशा काळात क्लोजिंग अडलं तर विकणाऱ्याची पॉलिसी हस्तांतरित करणं हा व्यवहार वाचवण्याचा मार्ग ठरू शकतो. खाजगी कोटही हाताशी ठेवा, पण चौथी पायरी विसरू नका.

फाईलमध्ये तीन कागद असावेत: घराचे चारही बाजूंचे फोटो, दोन्ही आकडे दाखवून दिलेल्या समजुतीची तारखेसकट नोंद, आणि ज्यानं विमा नाकारला त्याची सही. घरमालकाच्या साध्या पॉलिसीत पूर येत नाही हे न कळलेला ग्राहक पाणी ओसरल्यावर तुमच्या ई अँड ओ कंपनीला (एजंटच्या चुकांचा विमा देणाऱ्या कंपनीला) पत्र पाठवतो. २००४ च्या कायद्याखाली एनएफआयपी विकणाऱ्या एजंटसाठी एकदाचं तीन तासांचं प्रशिक्षण ठरलंय. तुमचं रिस्क रेटिंग २.० च्या आधी झालं असेल तर पुन्हा करा, कारण तेव्हा शिकवलेले तक्ते आता वापरात नाहीत. आणि दर एप्रिल-ऑक्टोबरला बदल लागू होतात, त्यांची बुलेटिनं तुमच्या कंपनीकडून आधीच येतात. ती आली त्याच आठवड्यात पुढच्या सहा महिन्यांतल्या रिन्युअलची यादी काढा, आणि ज्यांच्या दोन आकड्यांत सर्वात जास्त अंतर आहे त्यांना पत्र पोचण्याआधी फोन करा.